सणांत आणि रानात मुलांचा वाटा

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने तिकडची हकीगत मंडळात सांगावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी काही वक्ती नव्हे, म्हणून लिहून आणले आहे, ते वाचते. तिकडचे रस्ते किती रुंद आणि दुकाने किती मोठी, हे आपण पुष्कळजणींकडून ऐकले आहे, त्यामुळे ते मी सांगत नाही. आपली माणसे तिकडे लहान मुलांना घेऊन सण कसे करतात आणि झाडापानांत, पाण्यावाऱ्यात कशी रमतात, एवढेच मला सांगायचे आहे. त्यावरून आपल्या मंडळासाठी एक गोष्ट सुचली आहे, ती शेवटी सांगेन.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिक शहरी राहतात. घरात ते, माझी धाकटी जाऊ आणि दोन मुले. थोरला सहा वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. २०२३ साली सप्टेंबरच्या १० तारखेस मी तिकडे गेले आणि डिसेंबरच्या ७ तारखेस परत आले. पाहुण्यांना तिथे नव्वदच दिवस राहता येते. पण त्या नव्वद दिवसांत आपले गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी सारे आले आणि त्यांचेही दोन सण आले.

निघताना सासूबाईंनी शाडूची वीतभर मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "मूर्ती पोचव, आणि एक बघून ये. पोरं आपली राहिलीत का परकी झाली, ते मला खरं खरं सांग." विमानात मूर्ती मांडीवर होती आणि डोक्यात हा प्रश्न होता. तुमच्यापैकीही अनेकींची मुले, नातवंडे परदेशी आहेत. हा प्रश्न त्यांच्याही घरात असेल.

मुलांना घेऊन परमुलुखी राहणे ही आपल्या लोकांची आजची गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या होत्या. कोकणातली माणसे त्याआधीच मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली होती. त्यांच्या वंशजांनी गणपती असा जपला की आज त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. तेव्हा माणूस दूर गेला की सण सुटतो, असे काही नाही. पण दूर गेल्यावर सण आपोआप येतही नाही, तो मुद्दाम आणावा लागतो. हे मला तिथे कळले.

गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी होती. तिथे सुट्टी कुठली? भावजींनी रजा टाकली. थोरला आठवड्यापूर्वीच पहिलीच्या वर्गात जाऊ लागला होता, तो शाळेतून आल्यावर प्रतिष्ठापना करायची ठरली. मखर मुलांनीच खोक्याच्या पुठ्ठ्याचे केले. ते एका बाजूला कलंडत होते, पण जाऊबाईंनी त्याला हात लावला नाही. दूर्वांची अडचण आली. मुलांना सांगितले, "तीन पात्यांची हिरवी जुडी शोधून आणा." दोघे घरामागच्या गवतात अर्धा तास ओणवी झाली. धाकटीने मूठ भरून काही आणले, ते बघते तो तीन गोल पानांचे, आपल्या आंबुटीसारखे दिसणारे रोपटे! थोरला हसू लागला, तशी तिचे डोळे भरले. तेवढ्यात पुण्याहून सासूबाई फोनच्या पडद्यावर होत्याच. त्या म्हणाल्या, "तीन पानं आहेत ना? मग गणपतीला चालतील. त्या देशाच्या दूर्वा त्या." पोरीने लगेच एकवीस मोजून वाहिल्या. मोजताना पंधरानंतर गडबडली, पण वाहिल्या.

विसर्जन दीड दिवसांनी बादलीत केले. विरघळलेली माती मुलांनी गॅलरीतल्या कुंडीत ओतली आणि तीत पुदिना लावला. रोज सकाळी धाकटी त्या कुंडीला "गुड मॉर्निंग बाप्पा" म्हणून पाणी घाली. त्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळींचा मोठा गणपती एका भाड्याच्या सभागृहात झाला. ढोल होता, लेझीम होते आणि आरतीला लहान मुले पुढे उभी होती. मोठ्यांच्या पायांत घुटमळत मागे कोणी नव्हते.

नवरात्रातल्या रविवारी जाऊबाईंनी भोंडला केला. पुठ्ठ्यावर हत्ती काढून बागेतल्या बाकावर ठेवला. भोवती पाच-सहा मराठी बाया, त्यांची मुले आणि शेजारच्या दोन जर्मन आया आपापली मुले घेऊन आल्या होत्या. गाणी त्यांना येत नव्हती, पण फेर धरायला भाषा लागत नाही. खिरापत ओळखण्याचा खेळ सुरू झाला, तेव्हा खरी मौज आली. जर्मन मुलांनी केक, बिस्किट, सफरचंद, सगळे म्हणून पाहिले. डब्यात वाटली डाळ होती, ती कोण ओळखणार? आमचा थोरला त्यांना हळूच खुणा करीत होता.

दसऱ्याला आपट्याचे पान नव्हते. पण ऑक्टोबरच्या अखेरीस त्या मुलखात झाडे अशी पिवळी होतात की पाहतच राहावे. मुलांनी रस्त्याकडेची पिवळीधमक पाने वेचली, पुसली आणि ओळखीच्या दहा घरी सोने म्हणून वाटली. जाऊबाई म्हणाल्या, "जाऊबाई, इथे झाड ओरबाडावं लागत नाही. ते आपणहून सोनं टाकतं." माझ्या मनात आले, आपल्या बाजारात दसऱ्याला ट्रकांनी फांद्या येतात, त्यांत आपट्याच्या नावाने कांचनाचीही पाने विकली जातात आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात पडतात. आपटा कुठला आणि कांचन कुठला, हे आपल्या किती मुलांना ओळखता येईल?

आता दिवाळी. धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला होती आणि ११ नोव्हेंबरला त्यांचा संत मार्टिनचा दिवस असतो. हा मार्टिन घोडेस्वार शिपाई होता. थंडीत कुडकुडणारा एक भिकारी दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याला दिला, अशी कथा आहे. त्या दिवसांत लहान मुले स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत मिरवणूक काढतात. धाकटीच्या शाळेची मिरवणूक नेमकी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी निघाली. पाच वाजताच तिथे काळोख पडतो. त्या काळोखात पन्नासेक कंदील झाडांमधून हलत चालले होते. आमच्या धाकटीने मात्र शाळेत षट्कोनी आकाशकंदीलच केला होता, खाली झिरमिळ्या लावून. तिच्या बाईंना तो इतका आवडला की इतर मुलांनीही आपापल्या कंदिलांना झिरमिळ्या लावल्या होत्या.

घरी येताना थोरल्याने मला मार्टिनची गोष्ट सांगितली. मराठी शब्द अडला की जर्मन घाली आणि पुढे जाई. मग म्हणाला, "काकू, आपल्यात असा कोण आहे?" मी त्याला एकनाथांची गोष्ट सांगितली. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेले कावडीतले गंगाजल त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग देव रागावला का?" मी म्हटले, "नाही रे, देवालाच ते पोचलं." दुसऱ्या दिवशी तो बहिणीला हीच गोष्ट मराठीत सांगत होता. गाढवाचा आवाज मात्र त्याने जर्मन काढला.

हे सण झाले. आता रानाचे सांगते, कारण त्या मुलांचे निम्मे बालपण तिथे जाते.

धाकटीची शाळा म्हणजे रानातले किंडरगार्टन. 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग. हा शब्द फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली दिला. पण या रानातल्या शाळेला इमारतच नसते. निवाऱ्यापुरते चाकांवरचे एक लाकडी घर असते, बाकी सारा दिवस झाडांखाली. डेन्मार्कमध्ये ही कल्पना निघाली आणि जर्मनीत १९९३ साली फ्लेन्सबुर्गला अशा शाळेस पहिली सरकारी मान्यता मिळाली. आता तिथे अशा शाळा पुष्कळ आहेत. पाऊस असो, थंडी असो, मुले बाहेरच. अंगावर रबरी विजार, रबरी बूट. हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, असे तिथले लोक म्हणतात. मुले चिखलात बसतात, ओंडक्यांवर चढतात, गोगलगायी मोजतात. शरद ऋतूत चेस्टनटच्या तपकिरी, चकचकीत बिया वेचून त्यांना काड्या टोचतात आणि घोडे, माणसे करतात. मला आपले सागरगोटे आणि चिंचोके आठवले.

पहिल्या दिवशी मी घाबरले. पोर भिजेल, सर्दी होईल. पण तीन महिन्यांत ती एकदाच शिंकली. डिसेंबरच्या २ तारखेस तिथे इतके बर्फ पडले की विमानतळ बंद झाला आणि गाड्या थांबल्या. आपल्याकडे अशा दिवशी मुलांना पांघरुणात घातले असते. तिथे घरोघरची मुले घसरगाड्या घेऊन टेकाडावर पळाली. आमच्या पोरांनी बर्फाचा गणपती केला, सोंडेला गाजर लावून!

रविवारी तिथे कायद्याने दुकाने बंद असतात. म्हणून खरेदीला जाणे नाहीच. सारी कुटुंबे डबे घेऊन तळ्याकाठी, रानात, डोंगरात निघतात. आम्हीही आगगाडीने स्टार्नबर्गच्या तळ्यावर गेलो. धपाटे आणि दही खात आल्प्सच्या पांढऱ्या रांगा पाहिल्या. त्यांच्या शहरातून इझार नावाची नदी वाहते. शंभरेक वर्षांपूर्वी तिला दगडी बांधांत कोंडले होते. २००० ते २०११ या काळात शहरातल्या सुमारे आठ किलोमीटर पात्राचे बांध त्यांनी काढले, पात्र रुंद केले, गोट्यांची बेटे पुन्हा होऊ दिली. पुराचे पाणी पसरायला जागा झाली आणि मुलांना खेळायलाही. वरच्या गावांतून येणारे सांडपाणीही ते शुद्ध करून सोडतात. सप्टेंबरच्या उन्हात आमची दोन्ही मुले भर शहरात त्या नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहून दगडांचे धरण बांधत होती. मला आपली मुठा आठवली. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी मुले मुठेत पोहायला शिकत. आज आपण नातवंडांना पुलावरून नदी दाखवतो, तीही नाक धरून.

भगिनींनो, तिकडे सारे गोड आहे असे मी म्हणत नाही. जाऊबाईंची दोन्ही बाळंतपणे तिथेच झाली आणि धाकटीच्या वेळी तेलपाणी करायला घरचे कोणी नव्हते. चकली बिघडली तर विचारायला शेजारी कोणी नाही. आपल्याकडे मध्यरात्र झालेली असते, म्हणून फोनही करवत नाही. नोव्हेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो. तेव्हा एके दिवशी खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "जाऊबाई, दिवाळीत इतका अंधार मी कधी पाहिला नव्हता." लक्ष्मीपूजन झाल्यावर त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, हे मी पाहिले. दहा मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आल्या आणि मुलांबरोबर पणत्या लावू लागल्या. मुले सण करीत होती, म्हणून त्या उभ्या होत्या. उत्साह, उत्साह म्हणतात, तो तिथे असा रोज नव्याने करावा लागतो.

परत आल्यावर सासूबाईंनी प्रथम तेच विचारले. मी सांगितले, "सासूबाई, पोरं बोलताना अडखळतात. 'मी गेली' आणि 'मी गेलो' यांत घोटाळा करतात. भाकरी पाहून नाक मुरडतात. पण सण त्यांच्या हातांत आहे. मखर त्यांचं, दूर्वा त्यांच्या, कंदील त्यांचा. हातातलं सुटत नाही." त्यांनी मान हलवली. पूर्ण पटले की नाही, मला ठाऊक नाही. पण या वर्षी त्यांनी शाडूचा गोळा पाठवायचे ठरवले आहे, मूर्ती मुलांनीच करावी म्हणून.

आता आपल्याविषयी. आपल्या पुण्यात काय कमी आहे? ज्या पुण्यात लोकमान्यांनी गणपती चौकात आणला, तिथे आपण राहतो. पर्वती आहे, तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. पहाटे टेकडीवर गेले तर मोर ओरडताना ऐकू येतो, पावसाळ्यात कळलावी फुललेली दिसते. पण सणात आपल्या मुलांच्या वाट्याला काय येते? मखर विकत, मोदक विकत, किल्लाही आता तयार मिळतो. मिरवणुकीत भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे बाळे कान झाकून रडतात. पत्रीची जुडी दहा-वीस रुपयांत येते. तीत माका कुठला, आघाडा कुठला, शमी कुठली, हे मुलाने विचारले तर सांगणारे घरात कोणी राहिले नाही. मुले सण पाहतात. पाहिलेले विसरते.

आणि रानातली शाळा जर्मनांनीच काढली असेही समजू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. आदिवासी मुले गुरे राखायला जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची शिकवण्याची साधने. मुलांच्या दारी जाणारी अंगणवाडीही त्यांच्याच कामातून पुढे आली. पैसा नव्हता, इमारत नव्हती, तरी त्यांनी हे केले. म्हणजे विद्या आपल्या घरचीच आहे, फक्त फळीवर वर ठेवून दिली आहे. ती खाली काढायची आहे.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने या वर्षापासून महिन्यातला एक रविवार मुलांसाठी ठेवावा. सकाळी साडेसहाला टेकडीवर जावे. मोठ्या सहल-गाड्या नकोत, वर्गणी नको. पाण्याची बाटली आणि पोळीचा लाडू पुरे. ज्यांना झाडे ओळखता येतात अशा आजीबाई आपल्यात चार-पाच तरी आहेत, त्यांनी पुढे चालावे. श्रावणात पत्रीतली झाडे मुलांना जागेवर दाखवावी, आणि एका झाडाची दोनच पाने घ्यायची, हेही शिकवावे. भाद्रपदात शाडूचा गोळा मुलांच्या हाती द्यावा. मूर्ती वाकडी झाली तरी तीच पुजावी. नवरात्रात भोंडला मंडळाच्या अंगणात मुलांनी मांडावा, मुलगे-मुली दोघांनी, आणि खिरापतही त्यांनीच गुप्त ठेवावी. दिवाळीला कंदील घरी करावा. कागद फाटेल, खळ सांडेल, घर पसरेल. पसरू द्यावे.

यात तोटा एवढाच की आपला सकाळचा वेळ जाईल आणि फरशी दोनदा पुसावी लागेल. तिकडे ती बाई परक्या मुलखात, काळोखात, कोणाची मदत नसताना हे करते. आपण तर येथे वीसजणी आहोत.

पहिला रविवार येत्या महिन्याचा धरावा, असे मी सुचवते. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज कार्यक्रम संपल्यावर कार्यवाहांकडे नावे द्यावी. मुलांची नावे आधी लिहावी, आपली मागून.